मुराळी आल्याशिवाय

सोलापूर
४ जानेवारी २०२५

आदरणीय बजाआत्या यांस,
सा. न.

मी उत्कर्षा, तुमच्या भावाची, रामहरीची मुलगी. पाकिटामागे माझं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. लिहिलं असतं तर तुम्ही ते न उघडताच चुलीत घातलं असतं, असं आई म्हणाली. हे बरोबर केलं की नाही, याचा कालपासून विचार करते आहे. फसवून उघडायला लावल्यासारखं वाटलं असेल तर माफ करा. फोन करून पाहिला होता, पण मी नाव सांगितलं की तुम्ही ठेवून देता.

तुम्ही घर सोडून गेलात तेव्हा मी पाच वर्षांची होते. तुमचा चेहरा नीट आठवत नाही. सूप आठवतं. सुपात ज्वारी पसरून तुम्ही बोटानं अक्षर काढायचात आणि मग माझं बोट धरून त्यातून फिरवायचात. शाळेत गेले तेव्हा मला सगळी मुळाक्षरं येत होती. मास्तर विचारायचे, कुणी शिकवलं गं? आईनं, असं सांगायचं म्हणून घरात बजावून ठेवलं होतं. मी तसंच सांगायची.

आता तुम्ही बार्शीत कॉलेजच्या मुलांसाठी मेस चालवता, एवढंच मला माहीत आहे.

कामाचं लिहिते. गावाकडच्या माळाचे वीस गुंठे विकायचे आहेत. शेजारच्या गावचे हिंदुराव घेताहेत, भाव ठरला आहे. आजोबांच्या मागे सातबाऱ्यावर बाबांचं आणि तुमचं अशी दोन नावं आहेत, म्हणून तुमची सही लागते. घरात अडचण आहे. दादाची, म्हणजे माझ्या भावाची, अभिमन्यूची चिंचोळी एमआयडीसीतली नोकरी गेली. सध्या तो कामासाठी बाहेरगावी असतो. २७ तारखेच्या आत पैसे हवे आहेत, आणि खरेदीखतासाठी २३ तारीख धरली आहे. तुम्ही याल का? जाण्यायेण्याचं भाडं आम्ही देऊ.

बाबा म्हणतात, रीतीप्रमाणे चोळी-बांगडी करू.

हे शेवटचं वाक्य त्यांनी सांगितलं तसं लिहिलं आहे.

तुमची भाची
उत्कर्षा


सोलापूर
११ जानेवारी २०२५

आत्या,

तुझं कार्ड मिळालं. ‘आत्याला तुमी म्हणत्यात व्हय गं? आनि तुज्या बापाला लिवता येतं की. सातवी पास हाय.’ बस, एवढंच. कार्डाची बाकीची जागा कोरी बघून मला आधी भीती वाटली, मग हसू आलं.

घरी दाखवलं. बाबांनी वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि म्हणाले, “अक्षर अजून तसंच हाय.” मग दुधात भाकरी कुस्करत बसले. ते लिहिणार नाहीत, हे मला तेव्हाच कळलं.

मागचं पत्र मी त्यांच्यासमोर बसून लिहिलं होतं. हे नवी पेठेत मी ज्या चष्म्याच्या दुकानात काम करते, तिथं दुपारच्या सुट्टीत लिहिते आहे. घरी माहीत नाही. मागच्या पत्रात वाकडं लिहिलं ते आधी सरळ करते.

दादाची नोकरी गेली नाही. त्यानं सोडली. त्याची बायको, ऋतुजा वहिनी, चार वर्षांपूर्वी मुलाला घेऊन निघून गेली. त्याचा हात उठायचा आणि घरात त्याला भांडण म्हणायचे. कोर्टानं मुलासाठी महिना सात हजार पोटगी ठरवून दिली. पहिले काही महिने त्यानं भरली. मग कुणीतरी कानात सांगितलं की पगारच नसला तर कापणार कुठून. यानं राजीनामा टाकला. तेव्हापासून थकबाकी दोन लाखांच्या वर गेली आहे आणि आता वॉरंट निघालं आहे. २७ तारखेला पैसे भरले नाहीत तर तुरुंग. तो बाहेरगावी कामाला नाही. अक्कलकोटच्या पुढं मायाप्पा नावाच्या मित्राच्या वस्तीवर लपून बसला आहे.

आईच्या पाटल्या वकिलाच्या फीमध्ये गेल्या. मामाला विचारलं, तर तो म्हणाला, “पैसं न्हाईत, पर जेलात भाच्याला भेटाया येईन. मटण बी आणीन.” माझ्या पगारातून मी जे साठवलं आहे त्यात थकबाकीची शेपटीसुद्धा हलत नाही. उरलं ते माळाचं रान.

मुलाचं नाव सयाजी. आजोबांचंच ठेवलं आहे. सहा वर्षांचा आहे. घरातल्या मोठ्या माणसाचं नाव म्हणून वहिनी त्याला नावानं हाक मारत नाही, आबा म्हणते. घर सोडलं तरी तेवढं तिनं सोडलं नाही. “आबा, बूट घाल. आबा, नाक पूस.”

हे मी ऐकलं, कारण गेल्या रविवारी मी तिच्याकडे जुळे सोलापूरला गेले होते. तिनं दार उघडलं आणि विचारलं, “पैसे आणलेस?”

“नाही.”

“मग चहा घे.”

चहा चांगला होता. मी म्हटलं, वहिनी, आम्ही जमवतो आहोत. ती म्हणाली, “जमवा. तुझे बाबा जमवतातच की. दर वर्षी ज्वारीचं पोतं पाठवतात. मागच्या वर्षी तर स्वतः घेऊन आले होते. चार जिने चढून. म्हणाले, केस मागं घे, पोराच्या पोटाला मी हाय की. मी म्हटलं, मामंजी, शाळेची फी ज्वारीत घेत नाहीत.”

“मग?”

“मग काय. त्यांना पाणी दिलं. पोतं ठेवून घेतलं. केस नाही मागं घेतली.”

बाबांना खरंच वाटतं, आत्या, की पोतं पोचलं म्हणजे पोटगी पोचली. गेल्या तारखेला ते कोर्टाच्या व्हरांड्यात आमच्या वकिलाला सांगत होते, पोत्याचं वजन करून वजावट मागा म्हणून. त्यात लबाडी नव्हती. म्हणूनच मला जास्त वाईट वाटलं.

घरी येऊन हे आईला सांगितलं. ती संक्रांतीचे तीळ निवडत होती. ‘पोटाला मी हाय की’ हे शब्द ऐकले आणि तिचा हात थांबला. म्हणाली, “हेच बजाबाईंना बी म्हणले हुते.”

मग तिनं सगळं सांगितलं. तुला नवऱ्यानं टाकलं तेव्हा तू बार्शीच्या कोर्टात पोटगीची केस केली होतीस. बाबा म्हणाले, त्याचं कशाला खातीस, मी हाय की. तू केस मागं घेतलीस आणि आमच्याकडे राहायला आलीस. त्याच काळात तू मला सुपात अक्षरं शिकवलीस. आणि दोन वर्षांनी ‘मी हाय’ म्हणणाऱ्या माणसानं चोळी-बांगडीच्या ताटात हक्कसोडाचा कागद ठेवून तुझ्यापुढं सरकवला. तू ताट तसंच ठेवलंस आणि बार्शीची एसटी धरलीस.

मला वीस वर्षं सांगत आले की आत्या जमिनीच्या लोभानं गेली.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. परवा बाबा हिंदुरावांशी फोनवर बोलत होते. मी पलीकडच्या खोलीत होते. म्हणाले, “एकदा सहीला येतीच हाय तर सगळ्याच रानाचं हक्कसोड करून घेऊ. सारखं कोण बोलवतंय.” म्हणजे तुझ्यापुढं कागद दोन येतील. वाचल्याशिवाय सही करू नकोस.

बापाविरुद्ध लिहिते आहे, हे मला कळतं. पण हे न लिहिता तुला बोलावलं असतं, तर तू शिकवलेल्याच अक्षरांनी तुला फसवल्यासारखं झालं असतं.

आणि एवढं सगळं सांगूनही मी तुझ्याकडे वीस गुंठ्यांची सही मागते आहे. दादासाठी नाही, बाबांसाठीही नाही. ऋतुजा वहिनीनं केस मागं घेतली नाही, म्हणून.

तुझी
उत्कर्षा


सोलापूर
१८ जानेवारी २०२५

आत्या,

तुझं दुसरं कार्ड दुकानाच्या पत्त्यावर आलं, हे बरं झालं. ‘रानाची सही हवी तर मागणाऱ्यानं दारात यावं. माहेरच्या कामाला मी एकटी एसटीनं येणार न्हाय. मला न्यायला मुराळी लाव. मुराळी म्हंजे तुजा बाप. दुसरा कोण आला तर जेवू घालून माघारी धाडीन.’

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते बाबांपुढं ठेवलं. तुला चोरून लिहिलं होतं, तेही सांगितलं. गड्ड्याच्या जत्रेतले भोंगे आमच्या खोलीपर्यंत ऐकू येत होते. मला वाटलं, त्या आवाजात ते ओरडले तरी शेजारी ऐकू जाणार नाही. पण ते ओरडले नाहीत. कार्ड उलटं ठेवलं आणि म्हणाले, “पंचावन्न वर्सांची बाई. तिला आणायला मुराळी? नवी नवरी हाय व्हय?”

आई भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, “नवी नवरी होती तवा तरी कुटं गेला हुता?”

बाबांनी दादाला फोन लावला. म्हणाले, तू जा आत्याला आणायला, भाचा गेला तर ती काय हाकलून देणार न्हाय. दादा तिकडून म्हणाला, “आनि स्टँडवर पोलीस असलं तर?” त्याचा आवाज ऐकून मला त्याची दया आली. मग दयेचा राग आला.

बाबांनी फोन ठेवला. थोड्या वेळानं म्हणाले, “जाऊ दे. महिनाभर जेलात बसून येईल. तेवढ्यात फिटंल सगळं.”

“फिटत नाही, बाबा.”

“आँ?”

“तुरुंगात बसून पोटगी फिटत नाही. मी वकिलांना विचारलं आहे. शिक्षा भोगून आला तरी पैसे तेवढेच राहतात, वर नवे महिने चढतात.”

बाबांनी आईकडे बघितलं, जणू हा कायदा तिनंच केला आहे.

मग मी बोलले. दिवसभर मनात घोकून ठेवलं होतं, तरी मध्ये एकदा विसरले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. म्हटलं, हिंदुरावांचा वकील मुलीचीही सही मागतो आहे. म्हणजे माझी. आत्या आल्याशिवाय मी सही करणार नाही. आणि आत्याला आणायला तुम्ही गेल्याशिवाय ती येणार नाही. कागद एकच करायचा, माळाच्या वीस गुंठ्यांचा. हक्कसोडाचा दुसरा कागद निघाला तर मी तिथून उठेन. आणि हिंदुराव जे पैसे देतील त्यातला पहिला डीडी कोर्टाच्या नावानं काढायचा, तुमच्या किंवा दादाच्या हातात द्यायचा नाही.

आई भाकरी परतायची विसरली. करपल्याचा वास आला.

बाबा म्हणाले, “हे सगळं तुला कुणी शिकवलं?”

हा प्रश्न मला आयुष्यात दुसऱ्यांदा विचारला जात होता. या वेळी मी खरं सांगितलं. म्हटलं, “आत्यानं.”

मग मी मोरीत गेले आणि मला उलटी झाली. हे तुला सांगते आहे, कारण मी फार धीराची आहे असं तुला वाटायला नको.

पुढं दोन दिवस बाबा माझ्याशी बोलले नाहीत. पाणी मागायचं तरी आईला सांगायचे, “तुज्या पोरीला म्हणावं, तांब्या दे.” मला जेवण जात नव्हतं. सारखं वाटत होतं की आपण चुकतो आहोत का. पण कुठं चुकतो आहोत ते शोधायला बसले की सापडत नव्हतं. म्हणून मी माझं बोलणं मागं घेतलं नाही. त्यांनी समजावलं नाही, मारलं नाही, रडलेही नाहीत. त्यांनी काही केलं असतं तर मी कदाचित नरमले असते.

आज सकाळी त्यांनी आईला पांढरा सदरा इस्त्री करायला सांगितला. मग भिंतीकडे बघत विचारलं, “बार्शीची पहिली गाडी कितीची असती?”

ते बुधवारी, २२ तारखेला तुझ्या दारात येतील. काय बोलतील मला माहीत नाही. बहुतेक काहीच बोलणार नाहीत. त्यांना शुगर आहे, जास्त वेळ उपाशी ठेवू नकोस. बाकी तुझ्या मनात असेल ते त्यांना ऐकव. मी मध्ये पडणार नाही.

तुझी
उत्कर्षा


सोलापूर
११ फेब्रुवारी २०२५

आत्या,

तू एकच रात्र राहिलीस आणि घर माणसांनी भरलेलं होतं. तुझ्याशी धड बोलताही आलं नाही. आता तुझा चेहरा मला आठवतो. तो बाबांसारखाच आहे, फक्त हसतो.

बार्शीत काय झालं ते बाबा सांगत नाहीत. आईनं खोदून खोदून विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, “पोरांच्या पंगतीत बसवलं. आमटी झणझणीत हुती.” तू त्यांच्याकडून जेवणाचे पैसे घेतलेस का, असं आईनं विचारलं. “घेतलं. बाकीची पोरं देत्यात तेवढंच,” असं म्हणताना त्यांना राग आला नव्हता. उलट कुणी आपल्याला सूट दिली नाही याचा मानच वाटत असावा.

रजिस्ट्रार ऑफिसातली गोष्ट मी दुकानात सगळ्यांना सांगितली आहे. तिथला कारकून म्हणाला, “मावशी, सही करा, मागं लाईन आहे.” आणि तू बोटाला थुंकी लावून पुढचं पान उलटलंस. म्हणालीस, “लाईनीला सांग, बाई वाचतीया.” कागद एकच होता. बाबांनी दुसरा आणला नव्हता. तरी तू त्यांच्या पिशवीकडे एकदा बघून घेतलंस, ते मी बघितलं.

तुझ्या वाट्याचा चेक तू घेतलास तेव्हा बाबांचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं होतं, तू नको म्हणशील. मला तू घेतलास ते आवडलं. मोठा कुकर आला का? माझ्या वाट्याचे मी थकबाकीत घातले, पण बाबांना सांगून ठेवलं आहे की पैसे दिले, हक्क सोडलेला नाही. उरलेल्या रानाच्या सातबाऱ्यावर तुझं नाव तसंच आहे.

२७ तारखेला दादा हजर झाला. दाढी वाढलेली, पायात मायाप्पाच्या चपला. डीडी जमा झाला, वॉरंट रद्द झालं. वहिनी आबाला घेऊन आली नव्हती, एकटीच होती. तिनं आमच्यापैकी कुणाचे आभार मानले नाहीत, आणि ते बरोबरच होतं. जाताना माझ्याजवळ थांबून म्हणाली, “हे झालं मागचं. आता फेब्रुवारी.”

घरी येताना दादानं पेढे आणले. “मिटलं बाबा एकदाचं,” म्हणत पुडा माझ्यापुढं धरला.

मी घेतला नाही. म्हटलं, “दादा, दहा तारीख.”

“कसली?”

“पोटगीची. मागचं फिटलं. पोटगी चालूच आहे. तो अठरा वर्षांचा होईपर्यंत.”

“आत्ता तर भरलं की दोन लाख.”

“ते आत्याच्या सहीवर बाबांनी आणि मी भरले. तू अजून काहीच भरलेलं नाहीस.”

“तू बहीण हाईस का तिची वकील?”

“बहीण आहे. म्हणून आधी सांगते आहे. वकील असते तर नोटीस पाठवली असती. पुढच्या खेपेला विकायला रान निघालं तर माझी सही मिळणार नाही. आत्याची तर मागूच नकोस.”

त्यानं पुडा टेबलावर आपटला. पेढे तसेच पडून राहिले. मुंग्या लागल्या तेव्हा आईनं ते डब्यात भरले. दोन दिवस तो पलंगावरून उठला नाही. बाबा येता जाता त्याच्याकडे बघायचे. मला वाटलं, आता ते म्हणतील, जाऊ दे, पोराला जरा दम खाऊ दे. आणि मी पुन्हा एकटी पडेन.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी स्कूटर बाहेर काढली आणि खिडकीतून हाक मारली, “अभ्या, चप्पल घाल. चिंचोळीला जायाचंय.”

ते त्याच्या जुन्या सुपरवायझरच्या केबिनबाहेर दुपारपर्यंत बसून राहिले. जुनी जागा मिळाली नाही. माल चढवायच्या कामावर घेतलं आहे, पगार पूर्वीपेक्षा कमी. आठ तारखेला उचल मिळाली. काल, दहा तारखेला, सात हजार वहिनीच्या खात्यावर गेले. संध्याकाळी तिचा मेसेज आला, ‘मिळाले.’ मी तो रात्री झोपेपर्यंत कितीतरी वेळा उघडून बघितला.

मार्चचं मला माहीत नाही. दादा बदलला असं मी म्हणणार नाही. इतक्यात कुणी बदलत नाही. दर महिन्याची दहा तारीख जवळ आली की मला भीती वाटणार आहे. तरी मी दर महिन्याला विचारणार आहे. भीतीचं म्हणशील तर मला तिची सवय आहे. ती असली तरी माझी कामं होतात.

या वर्षीचं ज्वारीचं पोतंही वहिनीकडे गेलं. बाबाच घेऊन गेले, चार जिने चढून. निघताना मला म्हणाले, “तिला सांगून ठेव, हे हिशोबात धरू नगंस. हे आबाला.”

मी हे लिहीत असताना ते मघाशी मागे येऊन उभे राहिले. “बजीला लिवतीस?” असं विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं, वर्तमानपत्राच्या कडेला रेघोट्या मारून चालतं का ते बघितलं, आणि माझा कागद स्वतःकडे ओढला. मी उठून चहा करायला गेले. परत आले तेव्हा कागद दुमडून ठेवला होता. “घाल पाकिटात,” म्हणाले.

खालच्या ओळी त्यांच्या आहेत. मी त्यात काही सुधारलेलं नाही.

तुझी
उत्कर्षा

बजे,
तुजी केस मागं घ्याया मीच लावली. ऋतुजानं माजं ऐकलं न्हाय ते बरं झालं. भाऊबीजेला मुराळी येतो. 
रामहरी